कलम ७३ (ई) आणि गोवा : पोर्तुगालने न पाठविलेल्या माहितीचा इतिहास

प्रस्तावना

गोवामुक्तीच्या इतिहासाची मांडणी मराठीत प्रामुख्याने सत्याग्रह, तुरुंगवास आणि डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाई या तीन अंगांनी झालेली आहे. ती स्वाभाविकही आहे, कारण या लढ्यात महाराष्ट्राचा सहभाग प्रत्यक्ष होता आणि त्याच्या आठवणी घराघरांत होत्या. मात्र याच काळात न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांमध्ये एक निराळा वाद पाच-सहा वर्षे चालू होता. पोर्तुगालने आपल्या ताब्यातील प्रदेशांची शेती, शाळा, आरोग्य, व्यापार यांविषयीची आकडेवारी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे पाठवावी की नाही, असा त्या वादाचा वरकरणी अत्यंत रुक्ष विषय होता. पोर्तुगालने ती पाठविण्यास अखेरपर्यंत नकार दिला. या नकाराचा अर्थ काय होता आणि गोव्याच्या प्रश्नाला त्यातून कोणते कायदेशीर वळण मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अहवाल देण्याच्या कर्तव्याचा उगम

आपल्या अमलाखालील परक्या लोकसमूहाविषयी वसाहतवादी सत्तेने बाहेरच्या संस्थेस जाब द्यावा, ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर प्रथम लेखी स्वरूपात आली. राष्ट्रसंघाच्या कराराच्या बाविसाव्या कलमानुसार जर्मनी व तुर्कस्तान यांच्याकडून काढून घेतलेले प्रदेश ‘मँडेट’ म्हणून विजेत्या राष्ट्रांकडे सोपविण्यात आले व त्यांच्या कारभाराचा वार्षिक अहवाल राष्ट्रसंघाच्या कौन्सिलला सादर करणे बंधनकारक झाले. हे अहवाल तपासण्यासाठी स्थायी मँडेट आयोग होता. ही व्यवस्था फक्त पराभूतांच्या वसाहतींपुरती होती. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, पोर्तुगाल यांच्या स्वतःच्या वसाहतींविषयी कोणी कोणास काही विचारावयाचे नव्हते.

१९४५ च्या सनदेने दोन वेगळ्या वाटा आखल्या. विश्वस्त प्रदेशांसाठी बाराव्या व तेराव्या प्रकरणांत प्रश्नावली, अर्जांची सुनावणी आणि प्रत्यक्ष पाहणी अशी कडक देखरेख ठेवण्यात आली. उरलेल्या सर्व वसाहतींसाठी अकरावे प्रकरण लिहिले गेले आणि ते अत्यंत सावध भाषेत लिहिले गेले. ज्या प्रदेशांतील लोकांना अद्याप पूर्ण स्वशासन लाभलेले नाही, त्या प्रदेशांच्या आर्थिक, सामाजिक व शैक्षणिक स्थितीविषयीची तांत्रिक स्वरूपाची माहिती महासचिवांकडे नियमितपणे पाठविणे, एवढेच कर्तव्य कलम ७३ च्या (ई) या पोटकलमात सांगितले आहे. तीही ‘माहितीसाठी’ आणि सुरक्षा व घटनात्मक कारणांनी येणाऱ्या मर्यादा सांभाळून. राजकीय माहितीचा उल्लेख त्यात नाही. हे वगळणे अर्थातच हेतुपुरस्सर होते.

याचा व्यावहारिक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. पोर्तुगालने गोव्याविषयीची माहिती कलम ७३ (ई) प्रमाणे इमानेइतबारे पाठविली असती, तरी आग्वादच्या तुरुंगात असलेल्या ना. ग. गोरे यांच्यासारख्या सत्याग्रहींचा, वृत्तपत्रांवरील सेन्सॉरशिपचा किंवा सभाबंदीचा उल्लेख त्यात येणे आवश्यक नव्हते. नारळाचे उत्पादन, लोहखनिजाची निर्यात, प्राथमिक शाळांची संख्या आणि हिवतापाचे रुग्ण एवढ्यावर भागले असते. तरीही लिस्बनने हे साधे काम टाळण्यासाठी आपल्या घटनेपासून परराष्ट्रनीतीपर्यंत सर्व काही पणास लावले. असे का व्हावे, हाच येथील मुख्य प्रश्न आहे.

डिसेंबर १९४६ मध्ये आमसभेने ठराव ६६ द्वारे ज्या प्रदेशांची माहिती येणे अपेक्षित होते अशा ७४ प्रदेशांची नोंद केली. ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, नेदरलँड्स, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका ही आठ राष्ट्रे त्यांचा कारभार पाहत होती. पोर्तुगाल त्या वेळी सदस्यच नव्हता. त्याचा प्रवेशअर्ज सोव्हिएत नकाराधिकारामुळे अडला होता. सदस्यत्व नाही म्हणून कर्तव्य नाही, या सोयीत पोर्तुगालची जवळजवळ दहा वर्षे गेली.

यादीतून नावे गळण्यास फार काळ लागला नाही. फ्रान्सने आपल्या अनेक प्रदेशांची माहिती पाठविणे लवकरच थांबविले. अमेरिकेने प्वेर्तो रिकोचे अहवाल बंद केले, त्यास आमसभेने १९५३ मध्ये मान्यता दिली. प्रदेशास स्वशासन मिळाले किंवा तो मूळ देशाचाच भाग झाला, असे कारण यात दिले जाई. हे कारण खरे की खोटे हे ठरविणार कोण? माहिती पाठविणारे राष्ट्र की आमसभा? १९५३ च्या ठराव ७४२ मध्ये आमसभेने स्वशासनाच्या कसोट्यांची यादी केली, पण ज्या सत्तेवर कसोटी लावावयाची तिचा हा अधिकारच मान्य नव्हता. दक्षिण आफ्रिकेने तर नैऋत्य आफ्रिकेच्या १९४६ या एका वर्षाचा अहवाल पाठवून पुढे तो बंद केला. जुलै १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात अहवाल देण्याचे कर्तव्य कायम असल्याचे सांगितले, तरी प्रिटोरियाने जुमानले नाही.

बेल्जियमचा पवित्रा याहून चतुर होता. मागासलेल्या लोकसमूहांची माहिती द्यावयाची, तर ती केवळ समुद्रापलीकडच्या वसाहतींची का, सदस्य राष्ट्रांच्या हद्दीतील आदिवासींचीही द्यावी, असा त्याचा आग्रह होता. लॅटिन अमेरिकेतील मूळ रहिवाशांबरोबर भारतातील आदिवासी जमातींचाही हवाला त्यासाठी देण्यात आला. हा युक्तिवाद काँगोच्या बचावासाठी होता, हे उघड आहे. पण हेतू वाईट म्हणून त्यातील प्रश्न निकालात निघत नाही, आणि आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांनी त्यास दिलेले उत्तर तर्कापेक्षा मतसंख्येच्या बळावर टिकले, असे म्हणण्यास जागा आहे.

‘वसाहत’ या शब्दाची गच्छंती

पोर्तुगालच्या १९३० च्या वसाहत कायद्यात ‘वसाहत’ हा शब्द संकोच न करता वापरलेला होता. सागरापलीकडचे प्रदेश धारण करणे आणि ते वसविणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्य होय, अशी त्या कायद्याची भूमिका होती. लिस्बनमध्ये ‘वसाहत मंत्रालय’ होते. फेब्रुवारी १९५० मध्ये भारत सरकारने गोव्याच्या हस्तांतराविषयी वाटाघाटी करण्याची मागणी केली आणि पोर्तुगालने ती फेटाळली. पुढील वर्षी, जून १९५१ मध्ये, पोर्तुगालने घटनादुरुस्ती केली. वसाहत कायद्यातील तरतुदी घटनेत समाविष्ट झाल्या आणि वसाहतींचे नामकरण ‘सागरापलीकडील प्रांत’ असे झाले. मंत्रालयाच्या पाटीवरील ‘वसाहत’ हा शब्दही गेला. त्याच वर्षी ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयरे पोर्तुगीज सरकारचे पाहुणे म्हणून या प्रदेशांच्या दौऱ्यावर निघाले. पोर्तुगीजांनी उष्ण कटिबंधात वर्णभेदरहित संमिश्र संस्कृती घडविली, हा त्यांचा पुढे गाजलेला सिद्धांत त्यांनी त्याच दौऱ्यात गोव्यातील व्याख्यानात मांडला. सालाझार राजवटीस घटनात्मक शब्दाबरोबर समाजशास्त्रीय आधारही मिळाला.

पोर्तुगालची बाजू संपूर्णपणे बनावट होती असे मात्र म्हणता येत नाही, आणि भारतीय लेखनात याकडे बहुधा दुर्लक्ष झालेले दिसते. ‘प्रांत’ हा शब्द पोर्तुगीज कायद्यात एकोणिसाव्या शतकापासून येत होता. १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर भरलेल्या कोर्तेससाठी गोव्यातून प्रतिनिधी निवडले गेले होते व त्यांत बेर्नादो पेरिस द सिल्वा हे गोमंतकीय होते. सालाझारच्या काळातही लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत ‘एस्तादो द इंडिया’चे प्रतिनिधी बसत. अंगोला, मोझांबिक व गिनी येथील बहुसंख्य आफ्रिकी लोकांना ‘देशी’ ठरवून नागरिकत्वापासून दूर ठेवणारा कायदा १९६१ पर्यंत चालू होता, पण तो गोव्यास लागू नव्हता. गोमंतकीय मनुष्य कायद्याने पोर्तुगीज नागरिक होता. म्हणजेच पोर्तुगालच्या सर्व प्रदेशांपैकी ‘हा आमचाच प्रांत’ हा दावा गोव्याच्या बाबतीत कागदावर तरी सर्वाधिक भक्कम होता. परंतु ज्या राष्ट्रीय सभेत प्रतिनिधित्व मिळत होते, तेथे विरोधी पक्षांनाच वाव नव्हता. लिस्बन व पणजी यांच्यात समता होती, असे मानले तरी ती मुख्यतः स्वातंत्र्याच्या अभावातील समता होती. आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहून जे दाखवून दिले, ते नागरिकत्वाच्या दाखल्याने पुसले जाणारे नव्हते. १९४६ च्या चळवळीनंतर कुन्हा यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले.

नोव्हेंबर १९५६ चे उत्तर

१४ डिसेंबर १९५५ रोजी सोळा राष्ट्रांना एकगठ्ठा प्रवेश मिळाला व त्यात पोर्तुगाल आणि स्पेन हेही आले. फेब्रुवारी १९५६ मध्ये महासचिवांनी नव्या सदस्यांना पत्र पाठवून, कलम ७३ मध्ये बसणारे प्रदेश त्यांच्या ताब्यात आहेत काय, अशी विचारणा केली. पोर्तुगालचे उत्तर नोव्हेंबरमध्ये आले. असे कोणतेही प्रदेश आपल्याकडे नाहीत, असे त्यात म्हटले होते. एका वाक्यात अंगोला, मोझांबिक, गोवा, मकाव, तिमोर ही सर्व नावे वसाहतींच्या नकाशावरून नाहीशी झाली.

उत्तरामागचा तर्क असा : पोर्तुगाल हे एकसंध राज्य आहे, त्याची घटना सर्व भूभागांना सारखीच लागू आहे, आपल्या राज्याची रचना कशी आहे हे सांगण्याचा अधिकार सदस्याचाच आहे आणि अंतर्गत बाबीत हस्तक्षेप करण्यास सनदेच्या कलम २ (७) ने मनाई केली आहे. पुढे परराष्ट्रमंत्री झालेले फ्रांको नोगेरा यांनी याच भूमिकेचे सविस्तर समर्थन ग्रंथरूपाने केले. यातील कळीचा मुद्दा असा की, आकडेवारीचे एक पान जरी महासचिवांकडे गेले असते, तरी ‘हे प्रदेश स्वशासन नसलेले आहेत’ ही कबुली त्याबरोबर गेली असती. माहितीला पोर्तुगालचा विरोध असण्याचे कारणच नव्हते. ‘एस्तादो द इंडिया’ची जनगणना १९५० मध्ये व पुन्हा १९६० मध्ये झाली होती, त्यानुसार गोवा, दमण व दीव यांची लोकसंख्या सुमारे ६ लाख २७ हजार भरली. सागरापलीकडील प्रदेशांची सांख्यिकीय वार्षिके लिस्बनमध्ये छापली जात होती. कोणाही अभ्यासकास ती विकत घेता येत. नकार होता तो विशिष्ट पत्त्यावर, विशिष्ट कलमाखाली पाठविण्यास.

चौथ्या समितीत आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांनी या उत्तराची चौकशी व्हावी असा आग्रह धरला. १९५७ मध्ये दोनदा असे ठराव समितीत संमत होऊन आमसभेपुढे आले आणि दोन्ही वेळा ते पडले. येथे लढाई आशयावर झाली नाही. हा ‘महत्त्वाचा प्रश्न’ असल्याने दोन-तृतीयांश बहुमत हवे, असा पवित्रा पाश्चात्त्य राष्ट्रांनी घेतला व तो मान्य झाला. त्याआधी अकराव्या प्रकरणासंबंधीचे ठराव सामान्यतः साध्या बहुमताने होत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्यपद्धतीच्या आग्रहामागील हेतू स्पष्ट होतो. वसाहतवादाच्या इतिहासात तोफांना जितके स्थान आहे तितके कामकाजाच्या नियमांनाही दिले पाहिजे.

हेग येथील दुसरा रंगमंच

न्यूयॉर्कमध्ये माहिती नाकारणाऱ्या पोर्तुगालने त्याच सुमारास हेग येथे मात्र आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार स्वतः ठोठावले. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि ऑगस्टच्या आरंभी नगर हवेली हे अंतर्वेष्टित प्रदेश स्वयंसेवकांनी मुक्त केले होते, आणि तेथे जाण्यासाठी भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांस वाट नाकारली होती. संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यानंतर पाचव्या दिवशी, १९ डिसेंबर १९५५ रोजी, पोर्तुगालने न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र मान्य केले व २२ डिसेंबर रोजी भारताविरुद्ध दावा दाखल केला. सदस्यत्वाचे हक्क वापरण्याची एवढी तत्परता आणि सदस्यत्वाच्या कर्तव्याविषयीचे मौन, या दोहोंत एक वर्षाचेही अंतर नाही.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकास या खटल्याचे विशेष महत्त्व आहे. आपल्या सार्वभौमत्वाचा आधार म्हणून पोर्तुगालने पेशव्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा पुढे केल्या. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यान्वये पोर्तुगीजांना तोडून दिली होती. ती दिली कोणत्या नात्याने? सार्वभौम सत्ता म्हणून की सरंजाम म्हणून? मराठेशाहीच्या दफ्तरात ज्यास फरक सांगण्याचीही गरज पडली नसती, तो फरक पावणेदोनशे वर्षांनंतर हेगच्या न्यायाधीशांना शब्द तपासून ठरवावा लागला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह वैध मानला, पण मराठ्यांनी पोर्तुगीजांना केवळ महसुली हक्क, म्हणजे जहागीर वा सरंजाम दिला, सार्वभौमत्व दिले नाही, असा निष्कर्ष काढला. पोर्तुगीज सार्वभौमत्व पुढे ब्रिटिशांच्या काळात प्रत्यक्षात व गर्भितपणे मान्य झाले, असे न्यायालयाचे मत पडले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट मिळण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्या बाबतीत नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय झाला. दोन्ही पक्षांनी तो आपापल्या विजयाच्या रूपात मांडला.

या खटल्यात भारतानेही एक प्राथमिक आक्षेप असा घेतला होता की, हा वाद भारताच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रातील आहे. न्यायालयाने अखेरीस तो फेटाळला. न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालने ज्या ढालीमागे आश्रय घेतला, तीच ढाल हेगमध्ये भारताच्या हाती होती. मोतीलाल सेटलवाड यांच्यासारख्या विधिज्ञास ही विसंगती कळत नसणार असे संभवत नाही. वकिलीत मिळेल त्या मुद्द्याचा उपयोग करावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

१९६० : बारा तत्त्वे आणि नऊ नावे

आमसभेतील पेच सुटला तो संख्येमुळे. १९५५ च्या अखेरीस ७६ असलेली सदस्यसंख्या १९६० च्या अखेरीस ९९ झाली. त्या एका वर्षात आलेल्या सतरा नव्या सदस्यांपैकी सोळा आफ्रिकेतील होते. याची चाहूल लागल्यानेच की काय, १९५९ मध्ये सहा राष्ट्रांची एक समिती नेमण्यात आली. भारत, मेक्सिको व मोरोक्को एका बाजूने आणि ब्रिटन, अमेरिका व नेदरलँड्स दुसऱ्या बाजूने, अशी तिची रचना होती. माहिती पाठविण्याचे कर्तव्य कोणत्या प्रदेशाबाबत लागू होते, हे सांगणारी बारा तत्त्वे या समितीने तयार केली आणि १५ डिसेंबर १९६० रोजी ती ठराव १५४१ म्हणून संमत झाली.

त्यातील चौथ्या तत्त्वानुसार, जो प्रदेश कारभार पाहणाऱ्या देशापासून भौगोलिकदृष्ट्या अलग आहे आणि वांशिक वा सांस्कृतिकदृष्ट्या भिन्न आहे, त्याबाबत प्रथमदर्शनीच कर्तव्य निर्माण होते. पाचव्या तत्त्वानुसार प्रशासकीय, राजकीय, कायदेशीर, आर्थिक वा ऐतिहासिक घटकांमुळे तो प्रदेश दुय्यम स्थितीत ठेवला गेला असेल, तर ते गृहीतक पक्के होते. मूळ देशात विलीनीकरण झाल्याचा दावा मान्य होण्यासाठी पूर्ण समता आणि प्रौढ मताधिकारावर आधारलेली, जाणतेपणी दिलेली लोकसंमती आवश्यक मानली गेली. आपला प्रदेश आपला प्रांत आहे असे घटनेत लिहून ठेवणे पुरेसे नाही, असे प्रथमच स्पष्टपणे सांगितले गेले. १९५१ च्या नामांतराचे सारे बळ या तत्त्वाने काढून घेतले.

त्याच दिवशी संमत झालेल्या ठराव १५४२ ने ही तत्त्वे थेट पोर्तुगालला लावली. केप व्हर्द, पोर्तुगीज गिनी, साओ तोमे व प्रिन्सिपे, आजुदाचा किल्ला, काबिंडासह अंगोला, मोझांबिक, ‘एस्तादो द इंडिया’ या नावाने ओळखला जाणारा गोवा व त्याचे उपप्रदेश, मकाव आणि तिमोर अशी नऊ नावे त्यात आहेत. ६८ विरुद्ध ६ मतांनी ठराव संमत झाला, १७ राष्ट्रे तटस्थ राहिली. स्पेनने त्याच अधिवेशनात माहिती देण्याचे कबूल केल्यामुळे त्याच्या प्रदेशांची यादी टळली. यादीतील आजुदा हा दाहोमेच्या किनाऱ्यावरील जेमतेम एका किल्ल्याएवढा प्रदेश. दाहोमेने १९६१ मध्ये तो ताब्यात घेतला. सार्वभौमत्वाच्या सिद्धांतासाठी लिस्बनने तेवढा किल्लाही अंगोलाच्या बरोबरीने सांभाळला होता, ही गोष्ट त्या सिद्धांताविषयी बरेच सांगून जाते.

१८ व १९ डिसेंबर १९६१

भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत पोर्तुगालची तक्रार आली. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी हा वसाहतवादाचा प्रश्न असल्याची मांडणी केली व त्यासाठी १९६० च्या ठरावांचा आधार घेतला. ज्या प्रदेशास आमसभेने स्वशासन नसलेला प्रदेश ठरविले, तो पोर्तुगालची भूमी कसा? आणि मग आक्रमण कोणावर? अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी बळाच्या वापरावर कठोर टीका केली. युद्धबंदी व सैन्यमाघारीचा चार पाश्चात्त्य-पक्षीय राष्ट्रांचा ठराव ७ विरुद्ध ४ मतांचा होऊनही सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. पोर्तुगीज ताब्यातील हे प्रदेश शांततेस धोका आहेत असे म्हणणारा सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा ठरावही ४ विरुद्ध ७ मतांनी पडला.

ठराव १५४२ ने भारतास किती आधार दिला, याचे मूल्यमापन काटेकोरपणे करावयास हवे. गोवा हा पोर्तुगालचा अविभाज्य भाग आहे हा दावा त्याने मोडीत काढला, यात शंका नाही. पण माहिती पाठविण्याविषयीचा ठराव बळाच्या वापराची परवानगी ठरत नाही. सनदेचे कलम २ (४) त्यामुळे बाजूस सरत नाही. दुसरे असे की, विलीनीकरणासाठी जाणत्या लोकसंमतीची जी कसोटी भारतासह सहा राष्ट्रांनी घडविली, ती गोव्याच्या भारतातील समावेशास कोणी लावली नाही. १९६२ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव यांचा समावेश झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून गोव्याचे नाव गळले. गोमंतकीयांस १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौलात विचारण्यात आले ते महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे एवढेच. गोवा ऐतिहासिक व सांस्कृतिकदृष्ट्या भारताचाच भाग होता, तेव्हा परत मिळविलेल्या भूमीस ही कसोटी लागू नाही, असे भारतीय उत्तर आहे व ते बहुतांश राष्ट्रांनी स्वीकारले. मात्र ते उत्तर ठराव १५४१ मधून निघत नाही, त्यास बाहेरून जोडावे लागते.

योगायोगाचा भाग असा की, १९ डिसेंबर १९६१ रोजी, पणजीत पोर्तुगीज सत्ता संपत असतानाच, न्यूयॉर्कमध्ये आमसभेने ठराव १६९९ संमत केला. अकराव्या प्रकरणाचे व ठराव १५४२ चे पालन न केल्याबद्दल पोर्तुगालचा निषेध त्यात आहे, आणि पोर्तुगाल माहिती देत नसेल तर ती अन्य मार्गांनी गोळा करण्यासाठी सात सदस्यांची समिती नेमण्याचा निर्णयही. पोर्तुगालचे मौन हा आता अडथळा राहिला नाही. आफ्रिकेतून निसटलेले निर्वासित, राजकीय नेते, मुक्तिसंघटना यांच्या साक्षी घेणे सुरू झाले. कलम ७३ (ई) मधून काळजीपूर्वक वगळलेली राजकीय माहिती अशा रीतीने पोर्तुगालच्याच नकारामुळे संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरात आली. शाळा व शेतीचे आकडे निमूटपणे पाठविणाऱ्या सत्तांच्या वसाहतींकडे इतक्या लवकर असे लक्ष गेले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

१९७४ नंतर

२५ एप्रिल १९७४ च्या लिस्बनमधील क्रांतीनंतर हा सारा युक्तिवाद काही आठवड्यांत कोसळला. जुलै १९७४ च्या घटनात्मक कायद्याने पोर्तुगालने सागरापलीकडील प्रदेशांचा स्वयंनिर्णयाचा हक्क स्वातंत्र्यासह मान्य केला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या कराराने गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताच्या सार्वभौमत्वास पोर्तुगालने मान्यता दिली. मकाव तोपर्यंत यादीतून बाहेर पडले होते. चीनच्या मागणीवरून १९७२ मध्ये त्याचे व हाँगकाँगचे नाव काढण्यात आले, तेही तेथील लोकांना न विचारता.

ठराव १५४२ च्या यादीतील शेवटचे नाव तिमोर. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले व पुढील वर्षी तो आपला प्रांत म्हणून जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांनी हे विलीनीकरण मानले नाही. कारभार पाहणारी सत्ता म्हणून पोर्तुगालचेच नाव कायम राहिले. त्यामुळे कलम ७३ (ई) अन्वये पूर्व तिमोरची माहिती देण्याचे कर्तव्य पोर्तुगालकडे आले, आणि या वेळी लिस्बनने ते नाकारले नाही. आपले तेथे प्रत्यक्ष नियंत्रण नसल्याने माहिती पाठविणे अशक्य झाले आहे, असे तो महासचिवांना वर्षानुवर्षे कळवीत राहिला. याच नात्याने त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेग येथे दावाही लावला, तो १९९५ मध्ये इंडोनेशिया पक्षकार नसल्याच्या कारणावरून निकालात निघाला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झाले आणि २० मे २००२ रोजी पूर्व तिमोर स्वतंत्र होऊन यादीतून बाहेर पडला. आज त्या यादीत १७ प्रदेश उरले आहेत. त्यांपैकी पश्चिम सहारा येथून स्पेनने १९७६ मध्ये अंग काढून घेतल्यामुळे, त्याची माहिती पाठविणारी मान्यताप्राप्त सत्ता त्यास नाही.